‘अटळ’ परिणाम आणि ४२० घरं: काळ्या रानातला हिशेब

प्रश्न थोडक्यात असा: “सांगलीच्या दक्षिण कडेला आमच्या घरामागं आठ एकर काळ्या रानात ४२० फ्लॅटची योजना येतेय. रानाच्या एका अंगानं नाला जातो. त्या बाजूची तीनेक एकर निळ्या आणि लाल पूररेषेच्या मधे आहे, बाकीची पाच लाल रेषेच्या वर. बांधावर दोन जुन्या चिंचा आहेत. विकसकाच्या अहवालात म्हटलंय की काही पर्यावरणीय परिणाम अटळ आहेत, पण घरांचा फायदा त्याहून मोठा आहे. माझा भाचा तिथंच फ्लॅट बुक करायच्या बेतात आहे आणि माझ्या दारात आत्ताच दर पावसाळ्यात पाणी येतं. हे तोलायचं कसं?”

ताई, तराजू नंतर काढू. आधी तो ‘अटळ’ शब्द तपासायला हवा.

मी सव्वीस वर्षं गृहप्रकल्पांच्या पर्यावरण अहवालांत घालवली. पहिली बरीच वर्षं विकसकांच्या बाजूनं लिहिले, आता जास्त करून दुसऱ्यांनी लिहिलेले तपासतो. ‘अटळ परिणाम’ हे शब्द मी स्वतः कितीदा लिहिले त्याची मोजदाद नाही, त्यामुळं त्यांच्या पोटात काय काय खपतं हे ठाऊक आहे. कधी परिणाम खरोखर अटळ असतो: रानावर इमारत उभी राहिली की तिथं पुन्हा ऊस लागत नाही. कधी तो त्या एका नकाशापुरता अटळ असतो. इमारत साठ फूट अलीकडं सरकवली की परिणाम संपतो, फक्त सरकवायचं कुणाच्या मनात आलेलं नसतं. आणि पुष्कळदा ‘अटळ’ म्हणजे ‘टाळता येईल, पण माझ्या दरात बसत नाही’. धंद्यात दर बघावाच लागतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण मग कागदावर ‘परवडत नाही’ असंच लिहावं, म्हणजे किती परवडत नाही ते विचारता येतं.

घरांच्या फायद्याशी तोलायचा तो फक्त पहिला प्रकार. बाकीचे दोन तराजूपर्यंत येऊच द्यायचे नाहीत. अहवालांत नेमकं उलटं होतं. तिन्ही एका गाठोड्यात बांधतात, दुसऱ्या पारड्यात ४२० कुटुंबं बसवतात आणि वाचणाऱ्याला वाटतं, आता या कुटुंबांना नाही कसं म्हणायचं?

तुमच्या रानातला सगळ्यात मोठा आकडा भरावाचा आहे, म्हणून तिथून सुरुवात करतो. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. राज्याच्या २०२० च्या एकीकृत बांधकाम नियमावलीप्रमाणे नदीकाठ ते निळी रेषा हा पट्टा नव्या घरांना बंद. निळी ते लाल या पट्ट्यात बांधता येतं, पण जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर, म्हणजे दीड फूट, वर हवं. नियम जोत्याबद्दल बोलतो. अख्खं रान उचला असं तो सांगत नाही. पण स्वस्तातला मार्ग तोच असतो: मुरूम आणायचा, रोलर फिरवायचा आणि सगळं एका पातळीला आणायचं.

तीन एकर म्हणजे १२ हजार चौरस मीटरच्या थोडं वर. सरासरी दोन मीटर भराव धरला तर २४ हजार घनमीटर, आपल्या भाषेत साडेआठ हजार ब्रास मुरूम (ब्रास म्हणजे १०० घनफूट). डंपरमागं साडेचार ब्रास धरा, एकोणीसशे खेपा होतात. हा मुरूम कुठल्यातरी टेकडीचं पोट फोडून येणार. त्या टेकडीचा उल्लेख तुमच्या अहवालात सापडला तर मला कळवा, मला आजवर कधी सापडलेला नाही. आणि जिथं पाणी पसरत होतं तिथली तेवढीच जागा, म्हणजे जवळजवळ अडीच कोटी लिटरची, कायमची गेली.

आता विकसकाचा सल्लागार म्हणेल, कृष्णेच्या महापुरात अडीच कोटी लिटर म्हणजे खिजगणतीत नाही. त्याचं बरोबर आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा तुमच्या मागच्या तीन एकरांनी इंचभरसुद्धा फरक पडला नसता. पण तुमच्या दारात दरवर्षी येतं ते महापुराचं पाणी नाही. नदी चढलेली असते, इशाऱ्याच्या ४० फुटांच्या आसपास, आणि त्याच रात्री शहरात पाऊस कोसळतो. नाल्याला नदीत उतरायला वाट मिळत नाही. तो फुगतो, उलटा येतो आणि सखल रानात पसरतो. ते पसरायचं रानच उचललं तर पाणी पुढचं सखल शोधतं. ते तुमचं अंगण आहे.

शामरावनगरच्या रस्त्यावर आठवडा-आठवडा पाणी का साचतं हे सांगलीत कुणाला समजावायची गरज नाही. सखल काळी जमीन, तिच्यातले उतार आणि नाले एकेका प्लॉटनं अडत गेले. यातल्या कुठल्याही एका प्लॉटवर बोट ठेवून ‘पाणी याच्यामुळं तुंबलं’ म्हणता येणार नाही, आणि गोम तिथंच आहे. प्रत्येक अहवाल आपापल्या सातबाऱ्यापुरतं बघतो आणि ‘परिणाम नगण्य’ लिहितो. पन्नास नगण्यांची बेरीज कुणाच्याच टेबलावर होत नाही. म्हणून एकत्रित परिणामाचं पान आहे का ते आधी पाहा. गेल्या दहा-पंधरा वर्षांत त्या नाल्याच्या दोन्ही अंगांनी किती एकर उचललं गेलं, आणखी कितीची परवानगी मागितलेली आहे, आणि या सगळ्याचं मिळून पाणी रस्त्याखालच्या कुठल्या मोरीतून जाणार, हे त्या पानावर हवं. नसेल तर अहवाल अपुरा आहे, मग त्याला बांधणी कितीही झकास असो.

हा भराव अटळ आहे का? माझ्या मते नाही, आणि आकड्यांवरून दाखवतो. ४२० फ्लॅट, सगळं धरून सरासरी ९५ चौरस मीटर, म्हणजे ४० हजार चौरस मीटर बांधकाम. आठ एकरांवर पसरून चार मजले केले तर जमिनीवर दहा हजार चौरस मीटर अडतात आणि नाल्याकडची बाजू वापरावी लागते. वरच्या पाच एकरांपैकी एक तृतीयांश, म्हणजे सात हजार चौरस मीटरवर बसवलं तर पार्किंग अधिक सहा मजले होतात. दोन मजले चढवायचे, बस्स. त्यानं लिफ्टचा आणि अग्निशमनाचा खर्च वाढतो, काळ्या मातीत पाया खोल न्यावा लागतो, हे खरं. पण साडेआठ हजार ब्रास मुरमाचा, त्याच्या रॉयल्टीचा आणि वाहतुकीचा खर्च वाचतो, तोही मांडा. नाल्याकडच्या तीन एकरांत बाग, खेळायची जागा, उघडं पार्किंग राहू द्या. नियमानं १० टक्के मोकळी जागा सोडावी लागतेच, ती नाल्यालगत सोडली तर दोन्ही कामं होतात. तिथं एखादी इमारत आणायचीच असेल तर खांबांवर आणा, खालून पाणी जाऊ द्या, आणि त्या खांबांमधे नंतर भिंत घालून दुकानं काढणार नाही असं लिहून घ्या. सांगलीत खांबांमधल्या मोकळ्या जागेचं पुढं काय होतं हे मी वेगळं सांगायला नको.

इथं एक कबुली देतो. बऱ्याच वर्षांपूर्वी अशाच काळ्या रानातल्या एका प्रकल्पाचा अहवाल मी केला होता. पावसाच्या पाण्यासाठी आठ शोषखड्डे दाखवले आणि खाली लिहिलं, ‘परिसरावरील परिणाम नगण्य’. खड्ड्यांचा तो नकाशा दुसऱ्या शहरातल्या, मुरमाड जमिनीवरच्या कामातून उचललेला होता. पहिल्याच मोठ्या पावसात खड्डे अर्ध्या तासात भरले आणि पुढं चार दिवस तसेच भरलेले राहिले, कारण भिजलेली काळी माती पाणी घेतच नाही. बाकीचं पाणी शेजारच्या वस्तीत गेलं. तिथल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मला घरात नेलं. ज्वारीचं पोतं विटांच्या तीन थरांवर ठेवलेलं होतं, तरी खालून ओलं. ते म्हणाले, “सायेब, हे तुमच्या कागदात कुठं हाय?” तेव्हापासून काळ्या रानातल्या अहवालात शोषखड्डे दिसले की मी तिथंच थांबतो.

तुमच्या आठ एकरांवर तासात ५० मिलिमीटर पाऊस पडला तर १६ लाख लिटर पाणी होतं. आज रानातून सरासरी तिसरा हिस्सा वाहून जातो असं धरा. छपरं, फरशा, डांबर झालं की पाऊणच्या वर वाहतं. फरक सात-साडेसात लाख लिटरचा, म्हणजे दहा हजार लिटरचे सत्तरेक टँकर एका तासात जादा. (सप्टेंबरात रान आधीच तुडुंब असतं, तेव्हा हा फरक कमी निघेल. विकसकाचा माणूस हे म्हणेल, त्याला म्हणू द्या. जूनमधे भेगाळलेलं काळं रान पहिले कितीतरी पाऊस नुसते पिऊन टाकतं, ते त्याला तुम्ही सांगा.) याला उपाय साठवण टाकीचा: पाणी अडवायचं आणि नाला उतरला की हळूहळू सोडायचं. दोन मीटर खोल धरली तर पावणेचार गुंठे जागा लागते. आठ एकरांत पावणेचार गुंठे. याला कुणी अटळ म्हणत असेल तर तो तुमच्याशी थट्टा करतोय.

नाल्यावर मोठे पाइप टाकून वरून रस्ता काढायचा बेत असेल तर मात्र सरळ विरोध करा. उघडा नाला घाण दिसतो, पण तो काठावरून सांडू शकतो, साफ करता येतो, पावसाळ्याआधी पोकलेन लावता येतं. पाइपात अडकलेलं गादीचं फोम आणि थर्माकोल कुणाला दिसत नाही, पाणी मागं चढेपर्यंत.

आता खरंच जे टाळता येत नाही ते.

माती. पाच एकर काळी माती इमारती-रस्त्यांखाली जाणार. हिची भरपाई नाही. हळदीचं, उसाचं, भाजीचं रान तयार व्हायला जो काळ लागला तो कुठल्याही अटीत बसत नाही. फार तर एक करता येतं. वरचा फूटभर थर काढून घ्यायचा, म्हणजे पाच एकरांत दोन हजार ब्रासच्या वर माती, आणि ती ज्यांची रानं हलकी आहेत त्यांना द्यायची. रान वाचत नाही, माती वाचते. अहवालात याची ओळ नसते, कारण ती माती भरावात फुकट वापरली जाते.

पण इथं एक गोष्ट आपल्या बाजूच्या लोकांनाही ऐकवतो. ऊस म्हणजे निसर्ग नव्हे. कृष्णाकाठची किती रानं पाणी आणि खत ओतून क्षारपड झाली हे आपण बघतोय. ‘हिरवंगार रान विरुद्ध काँक्रीट’ असं चित्र काढून सभेत गेलात तर समोरचा एका वाक्यात तुम्हाला खाली बसवेल. तुमचं रान क्षारपड आहे की कसदार, हे माती परीक्षणाच्या कागदावरून सांगा. क्षारपड असेल तर मातीचं पारडं हलकं होतं, ते मान्य करा. मग नाल्याबद्दल बोलाल तेव्हा लोक ऐकतील.

पाणी आणि सांडपाणी. घरटी पाच माणसं, माणशी १३५ लिटर, म्हणजे रोज २ लाख ८३ हजार लिटर. त्यातलं सव्वादोन लाखांच्या आसपास सांडपाणी होऊन परत येणार. शेरीनाल्यातून कृष्णेत काय जातं यावर आपल्या दोन पिढ्या बोलत आल्या, त्यात भर नको असेल तर प्रकल्पाचं स्वतःचं शुद्धीकरण केंद्र चालतं हवं. माणशी १३५ पैकी ४५ लिटर फ्लशला लागतं. तेवढं शुद्ध केलेल्या पाण्यावर चालवलं तर रोजचे ९४ हजार लिटर वाचतात. कागदावर हे सगळे करतात. अडचण दोन ठिकाणी येते. एक म्हणजे केंद्र रानाच्या सगळ्यात खालच्या कोपऱ्यात काढतात, कारण सांडपाणी तिथं आपोआप उतरतं. तुमच्याकडं तो कोपरा नाल्याचा आहे, पहिल्याच पुरात केंद्र बुडेल आणि त्यातला मैला सगळ्या परिसरात फिरेल. ते लाल रेषेच्या वरच हवं, पंपाचा खर्च सोसून. वीजमीटर, जनरेटर, डीपी यांनाही हेच लागू. तळघर तर नकोच. दुसरी अडचण सोसायटी ताब्यात आल्यावरची. महिन्याचं वीजबिल बघून पहिल्या सर्वसाधारण सभेत केंद्र बंद पडतं. अशा एका बंद केंद्रात मी जुन्या सायकली आणि गणपतीच्या मखराचे तुकडे रचलेले बघितलेत. म्हणून चालवण्याचा पाच-सात वर्षांचा खर्च विकसकाकडून आधीच वेगळा ठेवून घ्यावा, असा माझा आग्रह असतो.

चिंचांचं लवकर सांगतो. २०२१ च्या दुरुस्तीनंतर राज्याच्या शहरी वृक्षसंरक्षण कायद्यात ५० वर्षांच्या वरचं झाड वारसा वृक्ष धरतात, आणि तोडायचं झालं तर झाडाच्या वयाइतकी नवी झाडं लावावी लागतात. बांधावरची झाडं तोडायची वेळ शक्यतो येत नाही, नकाशा काढणारा आळशी नसेल तर. धूळ, आवाज, डंपरची वर्दळ हे बांधकामाच्या दोन-तीन वर्षांचं असतं. त्रासदायक खरं, पण संपणारं आहे. ते कायमच्या नुकसानीच्या रांगेत बसवू नका.

आता दुसरं पारडं. घरांचा फायदा मी कमी लेखणार नाही. २००५, २०१९, २०२१: सोळा वर्षांत तीनदा गावभागातल्या, कर्नाळ रस्त्याच्या, दत्तनगरच्या लोकांनी पोरंबाळं आणि गॅसची टाकी घेऊन घरं सोडली. ‘आयर्विनला किती झालं?’ हा प्रश्न विचारत जुलै-ऑगस्ट काढणाऱ्या कुटुंबाला कोरड्या जागेवर घर मिळणं हा पर्यावरणाचाच फायदा आहे, असं मी म्हणेन. पर्यावरणवाले म्हणवणाऱ्या काही मित्रांना हे पटत नाही. त्यांची स्वतःची घरं विश्रामबागच्या उंच भागात आहेत.

पण ‘४२० घरं’ हा फायदा नाही, ती नुसती क्षमता आहे. ती घरं कोण घेणार? पूरपट्ट्यातून उठून येणारी कुटुंबं, की पुण्यात नोकरी करणारी, आई-बापासाठी आणि गुंतवणुकीसाठी घेणारी? दोन्ही वाईट नाहीत, पण पारड्यात वजन वेगळं पडतं. छोटी, परवडणारी घरं ठेवण्याची सक्ती १० लाखांच्या वर लोकसंख्येच्या शहरांना आहे. आपल्या महापालिकेची २०११ च्या जनगणनेत ५ लाख २ हजार होती. म्हणजे अहवालात ‘परवडणारी घरं’ असं लिहिलं असेल तर ती विकसकाची मर्जी आहे. किती घरं, किती चौरस फुटांची, हे परवानगीच्या अटीत आणायला लावा. नाही आणलं तर तो फायदा मोजायचा नाही.

आणि हे घर तरी कोरडं आहे का? भाच्यासाठी हा हिशेब नीट लिहितो. २५ वर्षांतून एकदा म्हणजे दरवर्षी ४ टक्के शक्यता. वीस वर्षांच्या गृहकर्जात एकदा तरी निळ्या रेषेइतकं पाणी येण्याची शक्यता ५६ टक्के निघते. लाल रेषेइतकं येण्याची १८ टक्के. नाल्याकडच्या तीन एकरांतल्या इमारतीचं भवितव्य या दोन आकड्यांच्या मधे कुठंतरी आहे. जोतं उंच असल्यामुळं दिवाणखाना कोरडा राहील, कबूल. पण रस्ता? भोवती पाच फूट पाणी, लिफ्ट बंद, वरच्या मजल्यावर डायलिसिसची रुग्ण आई, आणि बोटीची वाट बघणं. जोत्याचा नियम इमारत वाचवतो, माणसं बेटावर अडकतात. त्यांना काढायची बोट दुसऱ्या कुणाच्यातरी वाट्याची असते. त्यामुळं लाल रेषेच्या खालच्या घरांना ‘पूरग्रस्तांसाठी पर्याय’ म्हणून फायद्याच्या पारड्यात टाकणं मला मान्य नाही. वरच्या पाच एकरांतली घरं, आणि त्यांचा रस्ताही उंचावरून निघत असेल तर, जरूर टाका.

यानंतर मला सगळ्यात अवघड वाटणारा प्रश्न: हा प्रकल्प झाला नाही तर तिथं काय होईल? रान रानच राहील असं धरून चालणं ही आपली आवडती चूक आहे. सांगली-मिरज-कुपवाडला गुंठेवारीची ओळख करून द्यायला नको. एक-दीड गुंठ्याचे तुकडे, दहा फुटी बोळ, प्रत्येकाचा आपापला शोषखड्डा, गटार नाही, आणि वीस वर्षांनी नियमित करा म्हणून मोर्चा. २००१ च्या कायद्यानं १ जानेवारी २००१ पर्यंतची बांधकामं नियमित करायची सोय केली, २०२१ मधे ती मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत ओढली गेली. ४२० कुटुंबं अशी बसली तर रस्ते धरून वीसेक एकर काळं रान जातं, आणि सांडपाणी सरळ नाल्यात. त्यापुढं पाच एकरांत सहा मजले, शुद्धीकरण केंद्र आणि साठवण टाकी हे कमी नुकसानीचं आहे.

हा मुद्दा विकसकांनाही पाठ आहे, तेवढी सावधगिरी ठेवा. ‘मी नाही केलं तर गुंठेवारी होईल’ ही धमकीसुद्धा असू शकते. खरं काय होईल ते आजूबाजूच्या रानांवरून ठरवा. गेल्या पाच वर्षांत शेजारच्या गटांत तुकडे पडलेत का, सातबाऱ्यावर नावं वाढलीत का, याचं उत्तर तलाठ्याकडं मिळतं. आणि तिसरा पर्यायही विचारा: हीच ४२० घरं मिरजेकडच्या किंवा कुपवाडच्या चढावर, कमी कसाच्या जमिनीवर बसतात का? फायदा दुसरीकडं तेवढाच मिळत असेल तर इथल्या नुकसानीला ‘अटळ’ म्हणायचा हक्कच राहत नाही. मात्र विकसकाची मालकी इथं आहे, तिकडं नाही, हेही वास्तव आहे. हा प्रश्न खरा विकास आराखड्याच्या वेळी विचारायचा असतो, आणि तेव्हा आपण कुणी सभेला जात नाही.

दोन्ही पारड्यांना रुपये लावून वजाबाकी करावी का, असं पुष्कळ जण विचारतात. काही अहवालांत तसं असतं, झाडाची किंमत, मातीची किंमत, घरांपासूनचं उत्पन्न. मी ते पान उलटून पुढं जातो. पैसा विकसकाला आणि फ्लॅटवाल्याला मिळतो, पाणी तुमच्या घरात येतं. दोन वेगळ्या माणसांच्या जमाखर्चाची वजाबाकी करून शिल्लक कुणाची म्हणायची? रुपयांऐवजी मी प्रत्येक परिणामासमोर तीन गोष्टी लिहितो: कुणाला भोगावा लागणार, किती वर्षं, आणि मागं फिरवता येईल का. धूळ: शेजाऱ्यांना, तीन वर्षं, आपोआप संपणार. माती: पुढच्या पिढ्यांना, कायम, नाही. नाल्याचा फुगवटा: तुमच्या गल्लीला, कायम, आणि एकदा भराव पडला की कुणी उकरून काढत नाही. ज्या ओळीत भोगणारा वेगळा, मुदत कायम आणि परतीची वाट बंद, ती ओळ घरांच्या आकड्यानं दबू द्यायची नाही.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात १९७० पासून एक कायदा आहे. तिथं मोठा परिणाम टाळता येत नसेल आणि तरीही प्रकल्प मंजूर करायचा असेल, तर मंजूर करणाऱ्या संस्थेला स्वतः लेखी निवेदन करावं लागतं की कुठले फायदे कुठल्या नुकसानीपेक्षा मोठे आहेत आणि त्याला पुरावा काय. त्या कायद्याची कोर्टबाजी करून घरं अडवतात अशी तिथंही ओरड आहे, तो काही स्वर्ग नाही. पण तोलणारा कोण आणि त्यानं काय तोललं हे कागदावर राहतं. आपल्याकडं २० हजार ते दीड लाख चौरस मीटरचे गृहप्रकल्प २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेखाली राज्यस्तरीय पर्यावरण प्राधिकरणाकडं मंजुरीला जातात, तुमचाही तिथंच जाणार. मंजुरीच्या पत्रात अटींची लांब यादी येते. फायदा मोठा का ठरला, हे त्यात सहसा सापडत नाही. आणि गृहप्रकल्पांना जनसुनावणीची अट नाही, त्यामुळं तुम्हाला कुणी बोलावणार नाही. तुम्हालाच जायचं आहे.

तुमच्या बाबतीत माझा कौल विचाराल तर असा. नाल्याकडची तीन एकर भराव न घालता मोकळी, नाला उघडा, पावणेचार गुंठ्यांची साठवण टाकी, शुद्धीकरण केंद्र आणि विजेचं सगळं लाल रेषेच्या वर, पूर आला तरी चालू राहणारा रस्ता, चिंचा जागेवर: एवढं नकाशात आलं तर पाच एकर काळ्या मातीचं नुकसान सोसून मी हो म्हणेन, आणि भाच्याला वरच्या इमारतीत घे म्हणून सांगेन. रस्त्याचं जमत नसेल तर घरं कमी करा म्हणेन. अख्खी आठ एकर उचलायचा हट्ट असेल तर ४२० च्या जागी ८०० घरं दाखवली तरी माझं उत्तर नाहीच राहील.

आता करायचं काय. ‘परिवेश’ या सरकारी संकेतस्थळावर प्रकल्पाचा अर्ज आणि नकाशे बघायला मिळतात. त्यातले समतल रेषांचे नकाशे आणि पावसाळी पाण्याचा आराखडा उतरवून घ्या. आक्षेप मंजुरीआधी राज्याच्या तज्ज्ञ मूल्यांकन समितीला लेखी पाठवा, दोन पानांत, आकड्यांसह. मंजुरी मिळाली की विकसकाला दोन स्थानिक वर्तमानपत्रांत जाहिरात द्यावी लागते, त्यातलं एक मराठी. तिच्यावर नजर ठेवा, कारण हरित लवादाच्या पुण्यातल्या पीठाकडं अपील करायला ३० दिवस असतात. उशिराचं सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवसांची सवलत मिळू शकते, पण तिच्या भरवशावर राहू नका.

आणि हे सगळं सुरू व्हायच्या आधी एका रविवारी भाच्याला बरोबर घ्या. नाल्यावरच्या दोन्ही मोऱ्यांची रुंदी आणि उंची टेपनं मोजा. तुमच्या भिंतीवरच्या २०१९ आणि २०२१ च्या ओलीच्या रेघा जमिनीपासून किती उंच आहेत ते मोजा, तारखेसकट फोटो काढा, शेजारच्या चार घरांतल्याही घ्या. भराव पडून गेल्यावर आधी काय होतं हे सांगणारा दुसरा पुरावा उरत नाही.